तुटलेली तार जोडणारा माणूस पहाटे नळाला मोटर का लावतो?

प्रश्न : रातपाळीवाला (सोलापूर)

मंडळी नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. बहुतेक रातपाळीच असते. विषय जरा लांबण लावून सांगतो, कारण थोडक्यात विचारलं की लोक "संस्कार!" एवढंच लिहून मोकळे होतात आणि माझं काम अडलेलंच राहतं.

आमचे माग जुने आहेत. नव्या मागावर ताण्याची तार (कापडातला उभा धागा) तुटली की माग आपोआप थांबतो. आमचा थांबत नाही. कामगाराला दिसलं पाहिजे, मग त्याने माग बंद करायचा, तुकडा जोडून गाठ मारायची, फणीतून ओवून घ्यायची आणि पुन्हा चालू करायचा. मजुरी नगावर, म्हणजे माग जितका वेळ उभा तितका त्याचाच खिसा हलका. आणि टॉवेल म्हणजे वर सगळी फुगी. खालच्या ताण्यातली एखादी तार नसली तर फोल्डिंगच्या बायकांच्या नजरेतूनही ते निसटतं. गिऱ्हाइकाच्या घरी चार धुण्यांनंतर तिथे रेघ दिसायला लागते. ते गिऱ्हाईक कोण, कुठलं, त्याला सोलापूर कुठल्या दिशेला आहे हे तरी ठाऊक आहे का, देव जाणे.

आमच्याकडे एक मामा आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर मराठी, माग बिघडला की दोन्ही. रात्री अडीच वाजता शेडमध्ये कुणी फिरकत नसताना हा माणूस प्रत्येक तुटलेल्या तारेला माग उभा करतो. मला कसं कळलं? उन्हाळ्यात व्होल्टेजच्या झटक्याने कॅमेऱ्याचा डीव्हीआर जळाला. कॅमेरे भिंतीवर तसेच, पण रेकॉर्डिंग बंद, आणि हे अख्ख्या शेडला माहीत. मालक म्हणाले, आता सुताचे कोन बाहेर जाणार आणि सेकंड (खोटीचा) माल वाढणार. मी ढिगात जाण्याआधीच मागावरचे नग बाजूला काढून उजेडावर धरून बघायला लागलो. मामांच्या मालात काही फरक नाही. बाकीच्यांच्यातही फारसा नाही. दोन पोरांच्या मालात फॉल्ट सापडले, पण ती कॅमेरा चालू असतानाही तशीच होती.

आता दुसरी बाजू. मामा आणि मी एकाच गल्लीत राहतो. पाणी चार-पाच दिवसांआड, तेही पहाटे. चावी सोडली की पहिली मोटर मामांची घुरघुरते. नळाला थेट मोटर लावायला बंदी आहे, पथक आलं तर मोटर उचलून नेतात, हे त्यांना माहीत आहे. पण पहाटे तीनला कुठलं पथक? गल्लीच्या टोकाला मग करंगळीएवढी धार जाते. तिथे कोण राहतं हेही मामांना माहीत आहे, त्यांच्या लग्नकार्यात ते जेवून आलेत.

ज्याचं तोंडही बघणार नाही त्या गिऱ्हाइकासाठी स्वतःची मजुरी घालवणारा माणूस ओळखीच्या शेजाऱ्याचं पाणी कसा काय ओढतो? बघणारं तर दोन्हीकडे कुणी नाही. मी त्यांना सरळ विचारलं. गाठीबद्दल म्हणाले, "तार तुटलेली दिसत असताना माग चालू ठेवू कसा?" मोटरबद्दल म्हणाले, "सगळेच लावतात की." दोन्ही उत्तरं एकाच सुरात, चहा फुंकत.

विचारायला एक व्यावहारिक कारणही आहे. मालकांच्या डोक्यात आता दोन गोष्टी आहेत : प्रत्येक मागावर कॅमेरा, नाहीतर फॉल्टमागे दंड. माझं मत मागितलंय. काय सांगू?

शेंगाचटणी

काय बे भावा, एवढं कशाला डोकं लावालास? माणूस भितोय म्हणून नीट वागतोय. सात रस्त्याला सिग्नलवर उभारून बघ. पोलीस असला की सगळे साधू, पोलीस चहाला गेला की सगळे शर्यतीत. मामा गाठ मारालेत कारण माल परत आला की कुणाच्या मागावरचा ते निघणारच. नगावर नंबर असतोय की नाही?

आणि सिद्धेश्वर महाराज बघालेत म्हणून म्हणशील, तर मोटर लावताना पण बघत असतील की. का पहाटे तीनला तेवढं डोळं झाकून घेतात?

रातपाळीवाला

नंबर नसतो. फोल्डिंगला सगळ्या मागांचा ढीग एक होतो. मजुरीसाठी फक्त नग मोजतात. माल परत आला तर शिव्या मला बसतात, मामांना नाही.

मास्तर (निवृत्त)

प्रश्न फार जुना आहे. मोटर मात्र नवी आहे, म्हणून लिहितो. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायचो.

आपल्या पट्ट्यात, विशेषतः कानडी घरांत, कनकदासांची गोष्ट ऐकली नाही असं पोर मिळायचं नाही. गुरूंनी शिष्यांना एकेक केळं दिलं आणि सांगितलं, कुणी बघत नसेल तिथे जाऊन खा. कुणी दाराआड खाल्लं, कुणी झाडामागे. कनकदास केळं तसंच घेऊन परत आले. म्हणाले, देव नाही अशी जागाच सापडली नाही. ही गोष्ट मी वर्गात सांगायचो आणि वर विचारायचो : बघणारा आहे हे कळलं म्हणून केळं खाल्लं नाही, तर यात नीती कुठे आली? पहारा चोवीस तास आहे, एवढंच इतरांच्या आधी त्यांच्या लक्षात आलं. भक्तमंडळींच्या घरी बसून हे बोललं तर पोहे येत नाहीत, हे अनुभवाने सांगतो.

याच्या उलट टोकाची कथा प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिसशी वाद घालणारा ग्लॉकॉन सांगतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा तळव्याकडे फिरवला की माणूस अदृश्य होतो. गडी राजवाड्यात जातो, राणीला फितवतो, राजाला मारतो आणि गादीवर बसतो. ग्लॉकॉन म्हणतो, अशा दोन अंगठ्या असत्या आणि एक सज्जनाला, एक दुर्जनाला दिली असती, तर दोघेही एकाच वाटेने गेले असते. या आव्हानाला उत्तर देता देता सॉक्रेटिसचा बाकीचा जवळजवळ सगळा ग्रंथ खर्ची पडतो. त्याचा मथितार्थ असा की अन्याय करणाऱ्याच्या मनाची घडीच मोडते, त्याला पकडायची गरज उरत नाही. मला हे कधी पुरतं पटलं नाही. मनाची घडी मोडलेली माणसं मी पाहिलीत, तशी दुसऱ्याचं खाऊन गाढ झोपणारीही पाहिलीत. चांगली घोरत होती.

महाभारतातली शकुंतला (नाटकातली नव्हे, आदिपर्वातली, ती बरीच तिखट आहे) दुष्यंताला भर दरबारात ऐकवते, की तू एकटा होतास असं तुला वाटतं, पण सूर्य, चंद्र, वारा, अग्नी, आकाश, पृथ्वी, पाणी, हृदय, यम, दिवस, रात्र, दोन्ही संध्या आणि धर्म हे सगळे माणसाचं वागणं जाणून असतात. या यादीत हृदय कुठे बसवलंय पाहा. पाणी आणि यम यांच्या मधे. बाहेरचे एवढे साक्षीदार बोलावताना हा एक घरातला हळूच रांगेत उभा केलाय. मामांचा गाठीचा साक्षीदार हाच असावा. पण मग पहाटे तीनला तो कुठे जातो, हे शकुंतला सांगत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ साली एका दुकानदाराचं उदाहरण दिलं. अजाण गिऱ्हाइकालाही तो तोच भाव लावतो, लहान मूल आलं तरी फसवत नाही. पण हे जर तो धंद्याचं नाव राहावं म्हणून करत असेल तर कांटच्या हिशेबी त्याला नैतिक मोल नाही. नवी पेठेतल्या दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणेल, "मास्तर, भाव बरोबर लागला ना? मग मोलाचं राहू द्या." या बाबतीत मी नवी पेठेच्या बाजूचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. "कुणी बघत नसताना" म्हणताना आपण धरून चालतो की बघणारा नीतीच्याच बाजूचा असतो. आपल्याच जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. तिथे बघणारा होता, आणि तोच शिक्षा करणार होता. धागाकर्त्यांच्या गल्लीत उद्या कॅमेरा बसवला आणि त्याचं चित्र मोटर लावणाऱ्यांच्याच व्हॉट्सॲप गटावर जायला लागलं, तर तो कॅमेरा कुणाला सुधारणार?

शेंगाचटणी

सर, मी असतो तर केळं खाऊन साल गुरूला दिलो असतो. पण दामाजीपंतांचं पटलं. +१

पूर्वभागची पोर

मी मूळची पूर्व भागातली, सध्या पुण्यात मानसशास्त्र शिकवते. मामांसारखी माणसं घरात पाहिल्यामुळे गप्प बसवेना.

आधी कॅमेऱ्याचं. २००६ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातला एक प्रयोग खूप गाजला होता. चहाच्या खोलीत पैसे टाकायची पेटी, लक्ष ठेवायला कुणी नाही. भिंतीवर एका आठवड्यात फुलांचं चित्र, दुसऱ्यात माणसाच्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यात सुमारे तिप्पट पैसे जमले. झालं, जगभर डोळ्यांची पोस्टरं लागली. पुढे २०१७ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा अशा चित्रांनी माणसं जास्त उदार होतात याला आधार मिळाला नाही. आमच्या विषयात हे अधूनमधून होतं. फॉर्मच्या तळाऐवजी वरच सही घेतली की लोक खरं लिहितात, असा एक निबंध २०१२ चा. तो २०२१ मध्ये मागे घेतला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट निघाली. विषय काय, तर प्रामाणिकपणा! म्हणून मालकांना कुणी "संशोधन असं सांगतं" म्हणून कॅमेरे विकत असेल तर जरा थांबा म्हणावं.

टिकून राहिलेल्यांपैकी दोन मला महत्त्वाचे वाटतात. झुरिकमधला फासा, २०१३ चा. एकट्याने फासा टाकायचा, कुणी बघत नाही, आकडा आपणच सांगायचा, आकड्याइतके पैसे घ्यायचे, आणि सहा पडला तर शून्य. कोण खोटं बोललं ते कधीच कळणार नाही. पण सगळ्यांचे आकडे एकत्र केले की हिशेब लागतो. साधारण ३९ टक्के अगदी खरं बोलले, २० टक्क्यांनी जितकं खोटं बोलता येईल तितकं बोलून घेतलं. मधले मला सगळ्यात जवळचे वाटतात. खोटं बोलायचं, पण पाच न सांगता चार सांगायचा. कुणी बघत नसतानाही स्वतःपुढे थोडी लाज राखायची.

दुसरं २०१९ चं पाकिटांचं. ४० देश, त्यात भारतही, ३५५ शहरं, १७ हजारांहून जास्त पाकिटं. "रस्त्यात सापडलं" म्हणून बँक, टपाल कार्यालय, हॉटेल अशा ठिकाणी काउंटरवर द्यायचं आणि मालकाला कळवतात का बघायचं. सगळ्यांचा अंदाज असा की पैसे असले तर कमी परत येतील. झालं उलट. बिनपैशाची ४० टक्के परत आली, पैसेवाली ५१ टक्के. पैसे भरपूर वाढवले तर प्रमाण आणखी वाढलं. किल्ली असलेली पाकिटं बिनकिल्लीच्यांपेक्षा जास्त परत आली. किल्लीचा उपयोग फक्त मालकाला, म्हणजे लोकांच्या मनात त्या अनोळखी माणसाची अडचण होती. आणि रक्कम मोठी झाली की ठेवून घेणाऱ्याला स्वतःला चोर म्हणावं लागतं, ते जड जातं.

इथपर्यंत मामांची गाठ समजते. मोटर समजत नाही. मोटरसाठी मी आमच्या अम्माचं सांगते.

अम्मा घरी बिड्या वळायची. कारखान्यातून पानं आणि तंबाखू मापून मिळायची, वळून परत द्यायच्या, मजुरी हजारावर. तंबाखू जरा कमी भरली तर घरी उरते. ओट्यावर बसलेल्या बायकांना बघायला कारखान्याचं कुणी येत नव्हतं. तरी अम्मा भरून वळायची, सगळ्याच वळायच्या. मग एक नवा चेकर आला. तो चांगल्या बिड्यासुद्धा छाट म्हणून बाजूला काढायला लागला. त्यांची मजुरी नाही, आणि त्या बिड्याही परत नाहीत. त्यानंतर आमच्या ओट्यावरच्या बिड्या बारीक व्हायला लागल्या. कुणी बैठक घेतली नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. अम्माच्याही झाल्या. अम्मा तीच, देवघर तेच, आधीही कुणी बघत नव्हतं आणि नंतरही नाही. पण आता भरून वळणारी बाई स्वतःलाच खुळी वाटायला लागली होती.

माझं मत असं, की एकटं असताना माणूस चोर ठरण्याला भितो, पण त्याहून जास्त भितो ते खुळं ठरण्याला. प्रयोगशाळेतही हे दिसतं. सगळ्यांनी मिळून एका गल्ल्यात पैसे घालायचे असतील तर २००१ च्या एका अभ्यासात निम्मे लोक "बाकीचे घालतात तेवढे मी घालतो" या जातीचे निघाले, आणि सुमारे ३० टक्के काहीच न घालणारे. त्या ३० टक्क्यांकडे बघून निम्मे आपला हात आखडता घेतात. मामा नळावर त्या निम्म्यांतले आहेत. मागावर एकटेच असल्यामुळे तिथे त्यांना कुणी खुळं ठरवत नाही.

शेंगाचटणी

मॅडम, एक शंका. ती दोन पोरं गाठ न मारता जास्त नग काढत असतील, पैसे जास्त मिळवत असतील. मग मामा मागावर पण खुळेच की?

रातपाळीवाला

शंका चोख आहे, मलाही रात्रभर चावली. पैशाने पाहिलं तर मामा खुळेच. पण शेडमध्ये कुणी तसं म्हणत नाही. चेष्टा होते ती त्या पोरांची. "याला माग चालवता येत नाही, मागच याला चालवतो" असं बाकीचे म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत ती बाजूला बसतात. म्हणजे खुळं कोण हे ठरवायचं माप शेडमध्ये एक आणि गल्लीत दुसरं. शेडमधलं माप कुणी घातलं विचाराल तर मामांच्या आधीच्या लोकांनी. जुन्या मिलमधून माग शिकून आलेली माणसं होती ती. मिल बंद पडल्या, माप तेवढं राहिलं. गल्लीत असं माप कधी पडलंच नाही, कारण मी लहान असताना मोटरच नव्हत्या. बघता बघता आल्या आणि ज्याच्याकडे आधी आली त्याने माप ठरवलं.

शेवटचं घर

मी टोकाच्या घरातली बाई. तुमच्या गल्लीतली नाही, पण टोक सगळीकडे सारखंच असतं.

मास्तरांचं आणि ताईंचं वाचलं, छान आहे. पण पहाटे कळशी धरून उभी असते तेव्हा पुढच्या घरातल्या माणसाचं हृदय पाण्याच्या शेजारी आहे की यमाच्या, याने मला काही फरक पडत नाही. धार किती आहे, एवढंच मी बघते.

आमच्या गल्लीत एक नियम झाला होता, तो कसा झाला आणि कसा मोडला ते सांगते, त्यातून काय घ्यायचं ते घ्या. मारुतीच्या देवळापाशी बसून ठरलं : पाणी आल्यावर पहिला तासभर कुणी मोटर लावायची नाही. टोकापर्यंत सगळ्यांचं पिण्याचं भरून होईल, मग ज्याला टाकी भरायची त्याने लावावी. लिहून काही घेतलं नाही. अख्खा उन्हाळा नियम पाळला गेला. कुणी पहारा केला नाही. मोटर लागली की भिंतीतून ऐकू येतं, पण ऐकायला कुणी कान लावूनही बसलं नव्हतं.

मोडला कसा? मधल्या एका घरात नवा भाडेकरू आला. त्याने पहिल्याच पाण्याला मोटर लावली. पुढच्या पाण्याला दोन-तीन घरांतून आवाज, त्याच्या पुढच्याला सगळीकडून. मी त्या भाडेकरूकडे भांडायला गेले. तो बिचारा म्हणाला, "मावशी, मला नियमाचं कुणी सांगितलंच नाही." खरंच कुणी सांगितलं नव्हतं. त्याने त्या दिवसापासून तासभर थांबायला सुरुवात केली, आजही थांबतो. नियम ठरवणारी जुनी घरं मात्र परत आली नाहीत. त्यांना कारण मिळालं होतं.

आमच्याकडे एक आजी आहेत, कलबुर्गीकडच्या, नळ आल्यापासून त्यांनी मोटर घेतली नाही. नियमाच्या आधी नाही, नंतर नाही. मला वाटायचं, केवढी तत्त्वाची बाई. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्या वायरला हात लावायला भ्या वाटतं, आणि मला एकटीला पाणी लागतं किती?" आता याला नीती म्हणायचं की नाही ते मास्तरांनी ठरवावं. धार मात्र त्यांच्यामुळे वाचते.

धागाकर्त्यांना एक सांगते. गल्लीची बैठक घ्यायची असेल तर पाणी येऊन गेल्यावर, टाक्या भरलेल्या असताना घ्या. रिकाम्या टाकीचा माणूस हो म्हणत नाही. आणि भाडेकरूंना बोलवा, फक्त मालकांना बोलावून काही होत नाही.

पूर्वभागची पोर

भाडेकरूची गोष्ट मी वर्गात सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते.

दंडाबद्दल राहिलं होतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला, २००० साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. सहा ठिकाणी उशिराला दंड लावला, बाकीच्यांना तसंच ठेवलं. दंड लावला तिथे उशीर कमी झाला नाही, वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी बाई ताटकळतात म्हणून ओशाळं वाटायचं, आता पैसे भरले की फिटलं. नंतर दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. फॉल्टमागे दंड लावला की मामाही हिशेब करतील : गाठ मारण्यात जाणारी मजुरी जास्त की दंड जास्त? आज ते हा हिशेब करत नाहीत. तो करायला तुम्ही त्यांना शिकवू नका.

मास्तर (निवृत्त)

आजींबद्दल मला विचारलंय. कांट नापास करील. मी पूर्ण गुण देतो, वायरीच्या भीतीचे दोन कापून.

रातपाळीवाला

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

मालकांशी बोललो. कॅमेरे सुताच्या गोदामावर आणि गेटवर, मागांवर नाहीत, एवढं मान्य झालं. दंड तूर्त बाजूला. पाळणाघराचं त्यांना पटलं, कारण त्यांची सूनच मुलाला न्यायला उशिरा जाते म्हणे. पण वर म्हणाले, "सेकंड वाढलं तर तुझ्या पगारातून कापू." हसत म्हणाले, पण म्हणाले. ती दोन पोरं मी मामांच्या शेजारच्या मागांवर आणलीत. मामा कुरकुरले, पोरंही कुरकुरली. बघू.

मामांना हा धागा चहाच्या टपरीवर वाचून दाखवला. शकुंतलेचं त्यांना आवडलं, परत वाचायला लावलं. बिडीच्या चेकरचं ऐकून म्हणाले, "तो कोण ते मला माहीत आहे, सांगू का?" नको म्हटलं. मग मोटरचा विषय काढला. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "बैठक घे, मी येतो. पण पहिली मोटर माझी काढायला लावू नको. आधी कोपऱ्यावरच्याची काढ, मग मी काढतो." कोपऱ्यावरच्याला विचारलं तर तो म्हणाला, आधी मामांची.

त्यामुळे दोघांनी एकाच दिवशी काढायची, मी मधे उभा राहणार, असं ठरलंय. पाणी शनिवारी पहाटे आहे, बैठक रविवारी संध्याकाळी, म्हणजे टाक्या भरलेल्या असतील. भाडेकरूंच्या दारावर आज जाऊन येतो. पहिला तास की पहिला अर्धा तास, एवढंच ठरायचं राहिलंय. आमची गल्ली लांब आहे, टोकापर्यंत पंचवीसेक घरं. शेवटचं घर ताई, तुमच्याकडे किती घरांना तासभर पुरत होता?